शहरातल्या मातीतली बुरशी वेगळी करायची आणि ओळखायची कशी

प्लेटवर हिरवी वसाहत आली की पेनिसिलियम, काळी आली की ॲस्परजिलस नायजर आणि पांढरी कापसासारखी आली की म्युकर. पदव्युत्तर प्रोजेक्टच्या अहवालांत अशी नावं सर्रास लावलेली दिसतात. नाव शेवटच्या पायरीवर लागतं, म्हणून चूकही तिथेच झाली असं वाटतं. पण बहुतेक वेळा ती नमुना घेताना, प्लेट ओतताना किंवा वसाहत शुद्ध करताना होऊन गेलेली असते, आणि पुढे सूक्ष्मदर्शक कितीही चांगला असला तरी ती सापडत नाही. म्हणून पायऱ्यांचा क्रम पाळा. एक पायरी तपासून झाल्याशिवाय पुढची सुरू करू नका.

उदाहरणं पुण्या-मुंबईतल्या जागांची घेतली आहेत: रस्त्याचे दुभाजक, महापालिकेच्या बागा, सोसायटीतले वाफे, राडारोडा टाकून केलेला भराव.

टप्पा १. आधी जागेची चौकशी

शेतातली माती बहुधा तिथलीच असते. शहरातली माती मात्र कुठून तरी आणलेली असते. दुभाजकात खाली मुरूम, वर ट्रकने आणलेली लाल माती आणि त्यावर शेणखत असा थर सापडतो. भरावात विटांचे तुकडे, चुना आणि सिमेंट असतं, त्यामुळे मातीचा सामू ८ च्या वर जातो. अशा मातीत काय उगवलं याचा अर्थ लावायचा तर ती कुठली आणि कधीची, हे कळायलाच हवं.

माळ्याला चार प्रश्न विचारा. माती कधी टाकली? कोणतं खत घातलं? बुरशीनाशक फवारलंय का? आणि ट्रायकोडर्माची पावडर टाकली होती का? चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच विचारला जात नाही. बागांमध्ये ट्रायकोडर्मा जैविक बुरशीनाशक म्हणून शेणखतात मिसळून घालतात. त्यानंतर महिन्याभरात घेतलेल्या नमुन्यात ट्रायकोडर्मा भरपूर आलं, तर तुम्ही मोजताय ती दुकानातली पुडी. तसंच, नीट न कुजलेल्या कंपोस्टबरोबर ॲस्परजिलस फ्युमिगॅटस येतं, कारण कंपोस्टच्या ढिगातली उष्णता त्याला मानवते.

वहीत जागेपुढे इतकं लिहा: रस्त्याच्या कडेपासूनचं अंतर, सावली की ऊन, वर काय लावलं आहे, किती तुडवली जाते, शेवटचा पाऊस किंवा पाणी कधी. सार्वजनिक बागेत खणण्यापूर्वी उद्यान विभागाची लेखी परवानगी घ्या.

*सावधान:* कबुतरांच्या विष्ठेत क्रिप्टोकोकस निओफॉर्मन्स हे यीस्ट असू शकतं आणि ते फुप्फुसातून शरीरात शिरतं. कबुतरखान्याजवळची किंवा पारव्यांच्या वळचणीखालची कोरडी माती एन-९५ मास्क आणि हातमोज्यांशिवाय हलवू नका. ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही, ज्यांची स्टेरॉइड किंवा केमोथेरपी सुरू आहे, त्यांनी हे काम करू नये.

टप्पा २. प्लेट आधी, माती नंतर

नमुना आणून झाल्यावर माध्यम करायला बसणं ही नेहमीची चूक. ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) रिकामा नसतो, अगार गार होत नाही, आणि माती पिशवीत दोन दिवस घाम धरून बसते. तेवढ्यात जलद वाढणाऱ्या बुरशी बाकीच्यांवर मात करतात. प्लेट नमुना आणण्याच्या दोन दिवस आधी ओता. त्या दोन दिवसांत पृष्ठभाग सुकतो आणि दूषित प्लेट आपोआप उघड्या पडतात.

एका नमुन्यासाठी हिशेब असा: तीन विरलीकरणं (माती पाण्यात टप्प्याटप्प्याने पातळ केलेली मिश्रणं), प्रत्येकी तीन प्लेट, म्हणजे ९. त्यावर नियंत्रणाच्या ३. अशा १२ प्लेटना प्रत्येकी २० मिली धरलं तर २४० मिली माध्यम लागतं. ३०० मिली करा.

पहिल्या वाढीसाठी साधं पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोज अगार) वापरू नका. त्यावर बॅक्टेरिया आणि रायझोपस मिळून दोन दिवसांत प्लेट गिळतात. मार्टिनचं रोझ बेंगॉल माध्यम वापरा. एक लिटरला ग्लुकोज १० ग्रॅम, पेप्टोन ५ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.५ ग्रॅम, रोझ बेंगॉल ३३ मिलिग्रॅम आणि अगार १५ ते २० ग्रॅम. १२१° से. ला १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, ४५–५०° से. पर्यंत गार होऊ द्या आणि मग गाळणीने निर्जंतुक केलेलं स्ट्रेप्टोमायसिन ३० मिलिग्रॅम घाला. स्ट्रेप्टोमायसिन ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल टिकतं, म्हणून तयार पावडरीत ते आधीच मिसळलेलं असतं. हा फरक न कळल्यामुळे अनेकांच्या प्लेटवर बॅक्टेरियाची चिकट साय येते.

*सावधान:* रोझ बेंगॉलवर उजेड पडला की बुरशीला मारक पदार्थ तयार होतात. ओतलेल्या प्लेट काळ्या पिशवीत किंवा फॉइलमध्ये ठेवा आणि माती पसरल्यानंतरही अंधारातच वाढवा. ट्यूबलाइटखाली दिवसभर राहिलेल्या प्लेटवर वसाहती कमी आल्या, तर त्यावरून माती ‘निर्जीव’ ठरवू नका.

बॅक्टेरिया रोखायला माध्यम आम्लधर्मी करणार असाल तर टार्टरिक आम्ल ऑटोक्लेव्हनंतर घाला. आधी घातलं तर तापलेल्या आम्लात अगार तुटतो आणि प्लेट घट्ट होत नाही.

टप्पा ३. नमुना घेणे

बागेत किंवा वाफ्यात इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात पाच ठिकाणं धरा, दुभाजकावर २०–२५ मीटर लांबीत नागमोडी पाच. वरचा पालापाचोळा आणि १–२ सेंमी धूळ बाजूला सारा. या धुळीत हवेतून पडलेले क्लॅडोस्पोरियम आणि अल्टरनेरियाचे बीजाणू जास्त असतात, आणि ते मातीतले रहिवासी आहेतच असं नाही. त्याखाली १० सेंमीपर्यंतची माती प्रत्येक ठिकाणी साधारण १०० ग्रॅम घ्या. खुरपं ७० टक्के स्पिरिटने पुसा, ज्योतीवरून फिरवा आणि गार झाल्यावरच मातीत घाला. जागा बदलली की पुन्हा हेच. स्पिरिटची बाटली ज्योतीपासून लांब ठेवा.

पाचही ठिकाणची माती निर्जंतुक ट्रेमध्ये एकत्र करा, खडे आणि मुळं काढा. मग ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा आणि दोन टाका. २५० ग्रॅम उरेपर्यंत हे करत राहा. एकाच जागेच्या पाच ठिकाणांची माती एकत्र करणं योग्य. दुभाजकाची आणि बागेची माती मात्र ‘एकत्रित नमुना’ म्हणून मिसळू नका.

पिशवीवर मार्करने लिहाच, पण आत एका छोट्या झिपपिशवीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठीही टाका. स्पिरिटचा ओला हात लागला की मार्करची शाई निघून जाते, आणि दहा पिशव्यांमधल्या दोन निनावी होतात.

पिशव्या बर्फाच्या पॅकसह थर्माकोलच्या पेटीत न्या. पॅक आणि पिशवीमध्ये वर्तमानपत्राची घडी ठेवा. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत तासभर राहिलेली माती टाकून द्या आणि पुन्हा नमुना घ्या. काम २४ तासांत सुरू करा. शक्य नसेल तर ४° से. ला ठेवा, फ्रीजरमध्ये नाही.

टप्पा ४. चाळणे, ओलावा, सामू

माती २ मिमीच्या चाळणीतून गाळा. पावसाळ्यात काळी माती चाळणीत लोण्यासारखी बसते. ती दाबून काढू नका. निर्जंतुक कागदावर, झाकून, सावलीत काही तास पसरा आणि बोटाने चुरली जाईल इतकीच सुकवा. उन्हात वाळवलेल्या मातीत सुकं सोसणारेच बीजाणू उरतात.

१० ग्रॅम चाळलेली माती १०५° से. ला २४ तास ठेवून पुन्हा तोला. सामूसाठी माती आणि पाणी १:२.५ प्रमाणात घेऊन अर्धा तास अधूनमधून ढवळा आणि मग मोजा. हे दोन आकडे नसतील तर पुढची मोजणी दुसऱ्या कुणाच्या मोजणीशी ताडून बघता येत नाही.

टप्पा ५. विरलीकरण आणि पेरणी

२५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ९० मिली निर्जंतुक ०.८५ टक्के मिठाचं पाणी घ्या आणि त्यात ०.०५ टक्के ट्वीन ८० घाला. बुरशीचे बीजाणू पाण्यात भिजत नाहीत, वर तरंगून एकमेकांना चिकटतात. ट्वीन त्यांना सुटं करतं. त्यात १० ग्रॅम माती टाकून शेकरवर ३० मिनिटं हलवा. हे झालं १:१०. त्यातलं १ मिली ९ मिलीमध्ये घातलं की १:१००, आणि याच क्रमाने १:१०,००० पर्यंत. १:१०० ते १:१०,००० या तीन नळ्यांमधून प्रत्येकी ०.१ मिली तीन-तीन प्लेटवर पसरा.

इथे तीन गोष्टी बिघडतात. पहिली, फ्लास्क शेकरवरून काढून पाच मिनिटं ठेवतात आणि वरचं स्वच्छ पाणी उचलतात. बीजाणू मातीच्या कणांना धरून असतात, ते खाली बसलेले असतात. हलवत असतानाच, मधल्या उंचीवरून उचला. टिपमध्ये कण अडकत असतील तर निर्जंतुक कात्रीने टोक थोडं कापा. दुसरी, एकच टिप सगळ्या नळ्यांत वापरतात, त्यामुळे शेवटच्या नळीत आधीच्यांचं ओझं जातं. तिसरी, स्पिरिटमध्ये बुडवून पेटवलेला काचेचा स्प्रेडर गरम असतानाच प्लेटला लावतात. तो झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा अगारच्या कडेला टेकवून गार करा.

*तपासणी:* एका प्लेटवर माती न घातलेलं मिठाचं पाणी पसरा. दुसरी प्लेट काम चालू असेपर्यंत टेबलावर उघडी ठेवा. तिसरी न उघडता वाढवा. दुसऱ्या प्लेटवर जे आलं ते तुमच्या खोलीच्या हवेतलं. तीच बुरशी मातीच्या प्लेटवर एक-दोनच ठिकाणी असेल, तर तिला यादीत घेऊ नका.

विरलीकरणाने भरपूर बीजाणू सोडणाऱ्या बुरशीच पुढे येतात. तंतूरूपात राहणाऱ्या आणि हळू वाढणाऱ्या मागे राहतात. त्यासाठी आणखी दोन पद्धती सोबत चालवा.

वॉरकपची माती-प्लेट: ५ ते १५ मिलिग्रॅम माती रिकाम्या निर्जंतुक प्लेटमध्ये टाका, एक थेंब निर्जंतुक पाण्यात ती पसरा आणि वर ४५° से. चं माध्यम ओतून हळू फिरवा. माती अगारमध्ये विखुरते आणि कणांना चिकटलेले तंतूही वाढतात. ५० मिलिग्रॅम घातली तर सगळा नुसता गालिचा होतो, म्हणून तोलूनच घ्या.

केसांचं आमिष: बागेतल्या, खेळाच्या मैदानावरच्या आणि भटकी कुत्री बसतात तिथल्या मातीत केराटिन खाणाऱ्या बुरशी असतात. त्या साध्या प्लेटवर क्वचितच दिसतात. प्लेट अर्धी मातीने भरा, निर्जंतुक पाण्याने ओलसर करा आणि वर ऑटोक्लेव्ह केलेले, १–२ सेंमी कापलेले केस पसरा. न रंगवलेले, तेल नसलेले केस घ्या. अंधारात, २५–२८° से. ला ४ ते ६ आठवडे ठेवा आणि आठवड्याला दोन थेंब पाणी द्या. केसांवर पांढरट पीठ दिसलं की तिथून उचला. क्रायसोस्पोरियम आणि नॅनिझिया जिप्सिया, जिचं जुनं नाव मायक्रोस्पोरम जिप्सियम, अशाच मिळतात. दुसरी माणसालाही गजकर्ण देते, तेव्हा हातमोजे काढू नका.

टप्पा ६. वाढवणे आणि मोजणे

२५° से. ला बीओडी इनक्युबेटरमध्ये (थंडही करू शकणाऱ्या, ठरवलेलं तापमान राखणाऱ्या कपाटात) ५ ते ७ दिवस. खोलीचं तापमान म्हणजे विदर्भात मे महिन्यात ४० च्या पुढे आणि पुण्यात डिसेंबरच्या पहाटे १०–१२, त्यामुळे ‘रूम टेंपरेचर’ या दोन शब्दांना अहवालात काही अर्थ नाही. आत स्वतंत्र थर्मामीटर ठेवा. वीज गेल्याचे तास लिहा.

बॅक्टेरियाच्या सवयीने प्लेट उलट्या ठेवू नका. सरळ ठेवा, झाकण वर. बीजाणू आलेली प्लेट उलटसुलट केली की ते अगारभर उडतात आणि दुसऱ्या दिवशी नव्या बारीक वसाहती दिसतात. मग मोजणीत एकाच्या दहा होतात.

दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी बघा. नव्या वसाहतीला प्लेटच्या पाठीवर मार्करने ठिपका आणि दिवसाचा आकडा. रायझोपससारखी जलद वाढणारी दुसऱ्याच दिवशी दिसली, तर तिला पसरू देण्याआधी शेजारच्या लहान वसाहती उचलून घ्या.

१० ते १०० वसाहती असलेल्या प्लेटच मोजा. समजा १:१००० च्या तीन प्लेटवर ३८, ४४ आणि ४४ आल्या. सरासरी ४२. पसरलं ०.१ मिली, म्हणून ४२ × १० × १००० = ४,२०,००० प्रति ग्रॅम ओल्या मातीत. १० ग्रॅम मातीचं वाळल्यावर ८.५ ग्रॅम झालं असेल तर ०.८५ ने भागा, म्हणजे सुमारे ४.९ लाख प्रति ग्रॅम कोरडी माती. ०.१ मिलीचा १० विसरला की उत्तर दहा पटींनी कमी येतं. आकडा साहित्यातल्या आकड्यांपेक्षा बरोबर एक शून्याने कमी दिसला, तर आधी हे तपासा.

शिवाय, पेनिसिलियमचा एकच झुपका हलवताना फुटून शेकडो वसाहती देऊ शकतो. ‘सर्वाधिक संख्या पेनिसिलियमची’ एवढंच लिहा. ‘मातीत पेनिसिलियमचं वर्चस्व’ असं लिहू नका.

टप्पा ७. शुद्ध वसाहत

ओळख पटत नाही अशा बुरशींपैकी बऱ्याच खरं तर दोन बुरशी असतात. म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

वसाहतीच्या मध्यातून उचलू नका. तिथे बीजाणूंचा थर असतो आणि त्यात शेजाऱ्यांचे बीजाणू पडलेले असतात. कडेच्या कोवळ्या तंतूंचा, टाचणीच्या डोक्याएवढा अगारसकट तुकडा सुईने कापून पीडीएवर ठेवा. वाढला की पुन्हा कडेवरून, असं दोनदा.

बीजाणू देणाऱ्या वसाहतींसाठी एक-बीजाणू पद्धत अधिक भरवशाची. ट्वीन घातलेल्या पाण्यात बीजाणूंचं अगदी पातळ मिश्रण करा. २ टक्के साध्या पाणी-अगारवर लूपने रेघा ओढा आणि १२ ते १८ तासांनी स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली बघा. अंकुर फुटलेला, आसपास दुसरं काही नसलेला एकटा बीजाणू शोधा आणि अगारच्या सूक्ष्म तुकड्यासकट उचला. पोषक माध्यमावर हे करायला गेलात तर १८ तासांत तंतूंची गुंतवळ होते. पाणी-अगारवर वाढ विरळ राहते, म्हणून ते वापरायचं.

म्युकर-रायझोपसमध्ये बॅक्टेरिया तंतूंवर स्वार होऊन येतात. अशा वेळी तुकडा प्रतिजैविक असलेल्या प्लेटच्या मधोमध ठेवून वर पातळ अगारचा थर ओता. तंतू थर भेदून वर येतात, बॅक्टेरिया खाली राहतात.

*तपासणी:* प्लेटवर नागमोडी पुसट रेघ आणि तिच्या कडेने बारीक वसाहतींचे ठिपके दिसले तर कोळी-किडे शिरले आहेत. धुळीइतके लहान असतात आणि एका रात्रीत कपाटातल्या सगळ्या प्लेट एकमेकींत मिसळतात. ती प्लेट न उघडता पिशवीत बांधून ऑटोक्लेव्हला द्या, शेल्फ स्पिरिटने पुसा, आणि बाकीच्या प्लेटच्या कडा पॅराफिल्मने बंद करा. मातीचे नमुने आणि शुद्ध वसाहती एकाच कपाटात कधीही ठेवू नका, किडे येतात ते मातीतूनच.

टप्पा ८. बघण्याची तयारी

शुद्ध वसाहत ठरावीक माध्यमावर, ठरावीक दिवस वाढवल्याशिवाय तिच्या रंगाला आणि आकाराला अर्थ नसतो. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियमसाठी झापेक-यीस्ट अगार आणि माल्ट अगार, २५° से., ७ दिवस, प्लेटवर तीन ठिपके. पेरणी कोरड्या बीजाणूंनी केली तर ते उडून तीनाच्या तीस वसाहती होतात. ०.२ टक्के पातळ अगारमध्ये बीजाणू मिसळून त्याचा ठिपका ठेवा. झापेक-यीस्टमध्ये जस्त आणि तांब्याचे सूक्ष्म क्षार घालायला विसरू नका. ते नसले की पेनिसिलियमचा हिरवा रंग फिका पडतो आणि ओळख-किल्लीतल्या (प्रश्नोत्तरांनी नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यातल्या) वर्णनाशी जुळत नाही. एक संच ३७° से. लाही ठेवा. सातव्या दिवशी व्यास मिलिमीटरमध्ये मोजा, वरचा आणि पाठीमागचा रंग, अगारमध्ये उतरलेला रंग, थेंब, पोत हे सगळं लिहा. फोटो काळ्या कापडावर, मोजपट्टीसह.

झाकण उघडून वास घेऊन बुरशी ओळखण्याची सवय असेल तर आजपासून सोडा. त्या एका श्वासात लाखो बीजाणू जाऊ शकतात, आणि समोरची हिरवी वसाहत ॲस्परजिलस फ्युमिगॅटसची असू शकते.

स्लाइड तीन प्रकारे करा. झटपट बघायला पारदर्शक सेलोटेपची चिकट बाजू वसाहतीच्या कडेला हलकी टेकवा आणि लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूच्या थेंबावर चिकटवा. बीजाणूंच्या साखळ्या यात बऱ्यापैकी शाबूत राहतात. मोजमापासाठी सुईने थोडे तंतू काढून आधी ७० टक्के अल्कोहोलच्या थेंबात भिजवा, त्यामुळे हवेचे बुडबुडे आणि जादा बीजाणू निघून जातात. मग अल्कोहोल टिपून रंग घाला. रचना अजिबात न मोडता बघायची असेल तर स्लाइड कल्चर: निर्जंतुक स्लाइडवर १ सेंमीचा अगारचा चौकोन, चारही बाजूंना सुईने पेरणी, वर कव्हरस्लिप, आणि सगळं ओल्या टिपकागदाच्या प्लेटमध्ये काचेच्या कांडीवर. टिपकागद साध्या पाण्याऐवजी २० टक्के ग्लिसरॉलने भिजवा म्हणजे काचेवर पाण्याचे थेंब धरत नाहीत. ३ ते ५ दिवसांनी कव्हरस्लिप उचलून रंगाच्या थेंबावर ठेवा.

मोजमाप करण्याआधी नेत्रभिंगातली पट्टी प्रत्येक वस्तुभिंगासाठी स्वतंत्र जुळवून घ्या. स्टेज मायक्रोमीटरचा एक भाग १० मायक्रोमीटर. ४० पटीच्या वस्तुभिंगाखाली पट्टीचे ४० भाग स्टेजच्या १० भागांवर बसले, तर पट्टीचा एक भाग २.५ मायक्रोमीटर. १० पटीसाठी काढलेला आकडा ४० पटीला वापरल्यामुळे बीजाणू चौपट मोठे ‘मोजले’ गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. किमान २५ बीजाणू मोजा.

टप्पा ९. नाव लावणे

प्रश्न या क्रमाने विचारा. तंतूंना आडव्या भिंती आहेत का? बीजाणू पिशवीत आहेत की उघड्यावर? उघड्यावर असतील तर साखळीत, झुपक्यात की एकेकटे? त्यांच्यात कप्पे आहेत का? रंगाचा प्रश्न सगळ्यात शेवटी.

भिंती जवळजवळ नाहीत आणि गोल पिशव्या आहेत, तर म्युकरचा गट. रायझोपसला पिशवीच्या दांड्याच्या बुडाशी मुळांसारखे तंतू असतात, म्युकरला नसतात. पण स्लाइड करताना सुईने ओढलं की ही ‘मुळं’ प्लेटमध्येच राहतात आणि रायझोपसला म्युकर नाव मिळतं. आधी न उघडलेली प्लेट स्टिरिओखाली ठेवून तंतू काचेच्या भिंतीला टेकतात तिथे बघा. २०२१ मध्ये ‘काळी बुरशी’ हा शब्द घराघरांत पोचला, त्यामुळे प्लेटवरची काळी वसाहत म्हणजे तोच म्युकर असंही समजलं जातं. त्या आजारातला काळेपणा मेलेल्या ऊतीचा. म्युकर गटाच्या वसाहती पांढरट, करड्या किंवा राखी-तपकिरी असतात. शाईसारखी काळी भुकटी दिसली तर ती बहुधा ॲस्परजिलसची.

ॲस्परजिलसमध्ये दांड्याच्या टोकाला फुगा असतो. तो गोल आणि त्यावर काळे खरखरीत बीजाणू दोन थरांच्या पेशींवर बसलेले असतील तर नायजरचा गट. पण या गटात नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या न करता येणाऱ्या जाती अनेक आहेत. म्हणून जनुकीय पुरावा नसताना ‘ॲस्परजिलस, सेक्शन नायग्री’ असंच लिहा. पोपटी हिरवा रंग आणि खरखरीत दांडा असेल तर फ्लेव्हसचा गट. निळसर राखी-हिरवा, फुगा नरसाळ्यासारखा, पेशींचा एकच थर, बीजाणूंचा उभा खांब आणि ३७° से. ला जोरदार वाढ, तर फ्युमिगॅटस. ही शंका आली की ती प्लेट जैवसुरक्षा कपाटाबाहेर उघडू नका. दालचिनी रंगाचा खांब असेल तर टेरियस.

पेनिसिलियमला फुगा नसतो, झाडूसारखी फांदी असते. फांद्यांचे किती मजले आहेत ते मोजा. बीजाणू देणाऱ्या पेशी सुरईसारख्या की सुईसारख्या निमुळत्या हेही बघा. सुईसारख्या असतील आणि पाठीमागे लाल किंवा पिवळा रंग असेल तर टॅलरोमायसीसचा विचार करा. ट्रायकोडर्माचा हिरवा रंग ठिगळांत किंवा वर्तुळांत येतो आणि बीजाणू साखळीत नसतात, ओलसर गोळ्यात असतात.

फ्युजॅरियम पीडीएवर सुंदर गुलाबी-जांभळं दिसतं आणि त्या रंगावरून जात ठरवली जाते. तो रंग फसवा आहे. निर्जंतुक कार्नेशनच्या पानाचे तुकडे घातलेल्या पाणी-अगारवर, १२ तास उजेडात वाढवा. मग होडीसारखे, बुडाशी टाचेसारखी पेशी असलेले मोठे बीजाणू नीट तयार होतात. लहान बीजाणू ज्यावर येतात त्या पेशी लांब असतील तर सोलॅनीचा गट, आखूड असतील तर ऑक्सिस्पोरमचा.

कर्व्ह्युलेरियाचा बीजाणू मधली एक पेशी फुगल्यामुळे वाकलेला असतो, अल्टरनेरियाला उभ्या-आडव्या दोन्ही भिंती असतात. या दोघी सहसा गोंधळात टाकत नाहीत.

बीजाणूच येत नसतील तर ओट अगार, गवताच्या काडीचा तुकडा ठेवलेलं पाणी-अगार, उजेड-अंधाराची पाळी असं सगळं चार आठवडे करून बघा. तरीही नाही आले, तर ‘वंध्य कवक’ लिहा. हे नाव लावणं चुकीच्या जातीपेक्षा प्रामाणिक आहे.

*तपासणी:* जुन्या पुस्तकातलं नाव तसंच उतरवू नका. १ जानेवारी २०१३ पासून एका बुरशीला एकच नाव चालतं. फ्युजॅरियम मोनिलिफॉर्मे आता व्हर्टिसिलिऑइड्स, पेसिलोमायसीस लिलासिनस आता पर्प्युरिओसिलियम लिलासिनम, ॲब्सिडिया कोरिम्बिफेरा आता लिक्थायमिया. मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरममध्ये प्रत्येक नाव तपासा.

टप्पा १०. डीएनए केव्हा आणि कोणता

शुद्ध वसाहतीचा डीएनए घ्या, आयटीएस-१ आणि आयटीएस-४ प्रायमरने पीसीआर करा. आयटीएस हा बुरशी ओळखायला नेहमी वाचला जाणारा डीएनएचा तुकडा. साधारण ९५° से. ला ५ मिनिटं, मग ९५°, ५५° आणि ७२° ची ३५ आवर्तनं, शेवटी ७२° ला ७ मिनिटं. जेलवर बहुतेक बुरशींची पट्टी ५०० ते ७५० बेसच्या दरम्यान येते. डीएनए कोवळ्या, दोन-तीन दिवसांच्या तंतूंचा काढा. जुन्या, रंग धरलेल्या वसाहतीतली रंगद्रव्यं आणि चिकट शर्करा पीसीआर अडवतात. पट्टी आली नाही तर डीएनए वाढवण्याऐवजी दहा पट पातळ करून बघा.

क्रमवाचन दोन्ही बाजूंनी करा. आलेख स्वतः उघडून बघा. एकाच जागी दोन-दोन शिखरं सलग दिसत असतील तर वसाहत बहुधा शुद्ध नाही. मागे टप्पा ७ वर जा.

ब्लास्टमध्ये, म्हणजे वाचलेला क्रम जाहीर संग्रहातल्या क्रमांशी ताडणाऱ्या ऑनलाइन साधनात, पहिलं आलेलं नाव म्हणजे उत्तर, हा गैरसमज सगळ्यात खोल रुजलेला आहे. त्या संग्रहात चुकीच्या नावांनी जमा केलेले क्रम आहेत. प्रकार-नमुन्याशी (ज्यावरून त्या जातीचं नाव ठरलं त्या मूळ नमुन्याशी) किती टक्के आणि किती लांबीवर जुळतं ते बघा. आयटीएस प्रजातीपर्यंत (जीनसपर्यंत) नेतं, पण ॲस्परजिलस, पेनिसिलियम, फ्युजॅरियम आणि ट्रायकोडर्मात जातींमध्ये फरक करायला ते बहुधा पुरत नाही. ॲस्परजिलसला कॅल्मोड्युलिन, पेनिसिलियमला बीटा-ट्युब्युलिन, फ्युजॅरियम आणि ट्रायकोडर्माला ट्रान्सलेशन इलॉन्गेशन फॅक्टर-१ अल्फा हे जनुक वाचा. पैसे एकाच जनुकापुरते असतील आणि वसाहत ॲस्परजिलसची आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पक्कं झालं असेल, तर आयटीएस सोडा आणि थेट कॅल्मोड्युलिन करा.

टप्पा ११. जपणूक आणि विल्हेवाट

प्रत्येक शुद्ध बुरशीच्या किमान दोन प्रती, दोन वेगळ्या पद्धतींनी ठेवा. रोजच्या वापराला पीडीएचा स्लँट (नळीत तिरपा घट्ट केलेला अगार) ४° से. ला. टिकवायला १५–२० टक्के ग्लिसरॉलमध्ये –८०° से. ला. –८० ची सोय नसलेल्या महाविद्यालयात निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्याच्या छोट्या बाटलीत वसाहतीचे पाच-सहा अगार-तुकडे टाकून घट्ट बंद करणं स्वस्त आहे आणि अनेक बुरशी त्यात वर्षानुवर्षं जिवंत राहतात. नवी किंवा दुर्मिळ वाटणारी बुरशी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय कवक संग्रहात जमा करता येते. त्यांना शुद्ध वसाहतीबरोबर जागा, तारीख, माध्यम आणि नमुना घेणाऱ्याची माहिती लागते, म्हणजे टप्पा १ ची वही इथे पुन्हा उघडावी लागते.

वापरलेल्या सगळ्या प्लेट, टिप्स आणि उरलेली मातीसुद्धा १२१° से. ला ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर द्या. पिशवीचं तोंड आवळून बांधू नका, सैल ठेवा. वाफ आत शिरली नाही तर मधल्या प्लेट जिवंतच बाहेर येतात.